टोमॅटोच्या मांडवात जेवण

आइसलँडला जाऊन आलेली माणसं उत्तरेकडच्या त्या हिरव्या प्रकाशाबद्दल लिहितात, धबधब्यांबद्दल लिहितात, ज्वालामुखीबद्दल तर लिहितातच. मी टोमॅटोबद्दल लिहिणार आहे. (हिरवा प्रकाश आम्हाला दिसलाच नाही. तिन्ही रात्री ढग होते. असो.)

कारण सांगते. माझा धाकटा भाऊ नारायणगावजवळ शेती करतो आणि टोमॅटो हे त्याचं मुख्य पीक. त्याचा मुलगा शेतकीची पदविका घेऊन घरी आला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आहे. पुणे-नाशिक रस्त्याला लागून त्यांची पाऊण एकर जमीन आहे, तिथे काचेचं घर बांधायचं. आत टोमॅटो लावायचे, आणि टोमॅटोच्या ओळींमध्येच टेबलं मांडून हॉटेल काढायचं. आइसलँडमध्ये असं एक ठिकाण आहे, त्याची चित्रफीत त्याने मोबाइलवर शंभर वेळा तरी पाहिली असेल. त्यासाठी तो कर्ज काढायला तयार आहे. भाऊ म्हणतो, मी जिवंत असेपर्यंत सातबाऱ्यावर बोजा चढू देणार नाही. बापलेक एका घरात राहतात आणि एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात.

माझी लेक आणि जावई कोपनहेगनला असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे गेले होते आणि तिथून आमचं आइसलँडला जायचं ठरलं. हे कळल्यावर दोघांचेही फोन आले. भाचा म्हणाला, "आत्या, तू डोळ्यांनी बघून ये आणि बाबांना सांग." भाऊ म्हणाला, "अक्का, तिथे लाइटबिल किती येतं तेवढं विचार." आता बँकेचे कागद आले आहेत, आणि फोनवर दोघंही माझं अर्धंच ऐकतात, म्हणून हे लिहून काढते आहे. दोघांना विचारून लिहिते आहे. बाकीच्या नातेवाइकांनी वाचलं तरी हरकत नाही, त्यांना सगळं आधीच ठाऊक आहे!

जागेचं नाव फ्रिदहेमार. राजधानी रेक्याविकपासून शंभरेक किलोमीटरवर रेकहोल्त नावाचं खेडं आहे, तिथे. मी तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला. शीत कटिबंध, टुंड्रा, मध्यरात्रीचा सूर्य हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पण ६४ अंश उत्तर म्हणजे काय ते गाडीच्या खिडकीतून कळलं. सकाळचे नऊ वाजत आले तरी जेमतेम उजाडलेलं. सूर्य वर चढतच नाही, क्षितिजाला धरून तिरका चालत जातो. डिसेंबरात तर जेमतेम चार तास दिवस असतो. झाडं अगदी थोडी. आणि वारा असा की गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा म्हणून जावयांनी बजावलं. आपल्याकडे बर्फाचं कौतुक असतं, पण तिथे माणसाला बर्फापेक्षा वारा छळतो.

अशा माळावर एकदम नारिंगी उजेड दिसू लागला. जवळ गेल्यावर कळलं, ही काचघरं. वास्तुकलेचं म्हणावं असं बाहेरून काही नाही. लोखंडी सांगाडा आणि त्यावर साधी काच, एखाद्या कारखान्याच्या शेडसारखी. पण दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ जमली. चष्मा पुसून घातला तर समोर टोमॅटोच्या वेलींच्या हिरव्यागार भिंती. वरच्या तारांना दोऱ्या बांधून वेली चढवलेल्या, माझ्या दुप्पट-तिप्पट उंच. त्यांच्यामधून फरशीची वाट आणि वाटेच्या कडेला जेवणाची टेबलं. हवा पुण्यातल्या डिसेंबरच्या दुपारसारखी. लोक बाहेरचे जाड कोट काढून खुर्चीला अडकवत होते आणि वर मान करून बघत होते. मला आधी वास आला. टोमॅटोचं पान चुरडलं की हाताला जो वास येतो ना, तो. आमच्या गावच्या वावरातला वास, उत्तर ध्रुवाच्या उंबऱ्यावर!

हे घर तापतं कशाने, ते आधी सांगते, कारण सगळं तिथेच आहे. काचघरापासून दोनशे मीटरवर जमिनीत एक विंधणविहीर आहे. तिच्यातून सुमारे ९५ अंश तापमानाचं पाणी येतं. ते नळांमधून वेलींच्या पायथ्याशी फिरवतात. वर्षाला एक लाख टन गरम पाणी लागतं म्हणे. एवढं लागतं, कारण काच फक्त चार मिलिमीटर जाडीची आहे. जाड काच लावली तर उष्णता राहील पण उजेड अडेल, आणि तिथे उजेडाचाच दुष्काळ. म्हणून त्यांनी पातळ काच लावली आणि बाहेर जाणाऱ्या उष्णतेची फिकीर सोडली. ज्याला पायाखालून उकळतं पाणी मिळतं तोच अशी फिकीर सोडू शकतो.

हे पाणी तिथल्या लोकांच्या आयुष्यात किती मुरलं आहे बघा. रेक्याविक या नावाचा अर्थ धुराचा उपसागर. नवव्या शतकात आलेल्या पहिल्या वस्तीकरांना जो धूर वाटला तो खरं तर गरम झऱ्यांची वाफ होती. पुढे शेकडो वर्षं त्या झऱ्यांवर बायका धुणं धुवायला पायपीट करत जात. मग १९३० साली तिथून तीन किलोमीटर लांब नळ टाकून गावात गरम पाणी आणलं, आणि ते पहिल्यांदा ज्या इमारतींना मिळालं त्यांत एक प्राथमिक शाळा होती. (हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या शाळेत नळ यायला किती वर्षं लागली ते जुन्या विद्यार्थिनींना आठवत असेल.) आज तिथली दहातली नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर ऊबदार राहतात. वापरून कोमट झालेलं पाणी पदपथांखालून सोडतात म्हणजे बर्फ साचत नाही. आणि आपण न्हाणीघरात जो गीझर लावतो, तो शब्द तिथल्या गेसीर नावाच्या उसळत्या झऱ्यावरून इंग्रजीत आणि तिथून आपल्या घरात आला. तो झरा फ्रिदहेमारपासून फार लांब नाही.

उष्णता झाली. आता उजेड. म्हणजे भावाचा लाइटबिलाचा प्रश्न.

हे शेत क्नूतुर आणि हेलेना या नवरा-बायकोचं. (आइसलँडमध्ये माणसाला पहिल्या नावानेच ओळखतात, पंतप्रधानांनासुद्धा. तेव्हा मी अगोचरपणा करते आहे असं समजू नका.) ती फळभाज्यांच्या बागाईत शिकलेली, तो शेतीविज्ञान शिकलेला. १९९५ मध्ये दोघांनी ही जागा विकत घेतली. २००२ पासून ते बाराही महिने टोमॅटो काढतात, ते वेलींवर टांगलेल्या दिव्यांच्या जोरावर. हिवाळ्यात सूर्य चार तास आला तरी वेलीला दिवस मोठा वाटला पाहिजे. जेवण वाढणाऱ्या मुलीला मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, विजेचं बिल किती येतं? ती हसली आणि म्हणाली, "खूप!" भावाला मी तेवढंच कळवलं होतं आणि तो लगेच म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?"

पण नुसतं "खूप" सांगून न्याय होत नाही. तिथली वीज जवळजवळ सगळी धरणांची आणि जमिनीतल्या वाफेची. कोळसा जाळून टोमॅटो पिकवले असते तर या सगळ्याला निसर्गस्नेही म्हणणं ही थट्टाच झाली असती. शिवाय टोमॅटो, काकडी आणि भोपळी मिरची पिकवणाऱ्यांना तिथलं सरकार थेट अनुदान देतं. २००२ मध्ये या तीन भाज्यांवरचं आयातशुल्क काढून टाकलं, तेव्हा त्या बदल्यात ही व्यवस्था झाली. म्हणजे त्या काचघराला तीन आधार आहेत. पायाखालचं पाणी, डोंगरातली वीज आणि राजधानीतलं सरकार. भाच्याने पाहिलेल्या चित्रफितीत तिसरा आधार दिसत नाही. मला वाटतं पहिला आणि दुसराही नीट दिसत नसावा, नुसती काच दिसते.

आता थोडं भुंग्यांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त मजा तिथे वाटली. टोमॅटोच्या फुलातला पराग सहज सुटत नाही, फूल हलवावं लागतं. पूर्वी काचघरात माणसं हातात थरथरणारी काठी घेऊन फुलाफुलाला लावत फिरत. हे काम भुंगा फुकट करतो. फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो, की पराग झडतो. साध्या मधमाशीला ही विद्या येत नाही. फ्रिदहेमारमध्ये सहाशेच्या आसपास भुंगे कामाला असतात. खोक्यांमध्ये बसून हॉलंडहून येतात, विमानाने! एक भुंगा दिवसाला दोन हजार फुलांपर्यंत जातो असं तिथे सांगतात. आमच्या शेजारच्या टेबलावरून एक भुंगा गेला तर एक बाई दचकून उठल्या. माझ्या लेकीने हळूच विचारलं, "आई, यांना पगारी रजा असते का ग?" पानं खाणाऱ्या किडीसाठी औषध मारत नाहीत, ती कीड खाणारा दुसरा बारीक कीटक सोडतात. ते मला सहज पटलं. ज्या खोलीत माणसं बसून जेवतात तिथे फवारणी करणार कशी? शेत आणि जेवणघर एका छपराखाली आणलं की शेतकऱ्यावर असा एक धाक आपोआप बसतो. मला तरी या सगळ्या बांधणीतला सर्वांत शहाणा भाग हाच वाटला.

जेवायला काय, तर टोमॅटोचं सूप आणि ताजा भाजलेला पाव. मुख्य म्हणजे एवढंच. हवं तितक्यांदा घ्या. टेबलावर तुळशीच्या जातीचं एक झाड कुंडीत जिवंत ठेवलेलं असतं आणि शेजारी कात्री. आपण पानं कापायची आणि सुपात टाकायची. (तुळस कात्रीने कापताना माझा हात दोनदा मागे आला, शेवटी लेकीने कापून दिली.) सूप चांगलं होतं. दाट, थोडं गोडसर. आपल्या साराची सर नाही. हिंग नाही, नारळाचं दूध नाही, गुळाचा खडा नाही. पण बाहेर वारा घोंघावत असताना काचेच्या आत, फांदीवर टोमॅटो लटकलेला दिसतोय आणि खाली त्याचंच सूप पितोय, याला काहीतरी किंमत आहे खरी. ती किंमत त्यांनी बिलातही लावली आहे. आकडा रुपयांत करायचा नाही असं जावयांनी मला विमानतळावरच बजावलं होतं, आणि मी तो केला. त्या दिवशी रात्री जेवले नाही!

मी बसल्या बसल्या हिशेब करत होते. त्या काचघरांतून रोज एक टनाहून जास्त टोमॅटो निघतो. आमच्याकडे भाऊ काढणीच्या दिवसांत याहून जास्त काढतो. पण तो वीस किलोचा क्रेट भरतो, बाजारात नेतो आणि बोली लावणारा काय म्हणेल त्याची वाट बघतो. २०२३ च्या जुलैत हाच टोमॅटो पुण्यात शंभराच्या वर गेला होता, भावाला लोकांनी फोन करून करोडपती झालास का विचारलं. सप्टेंबरात भाव असे कोसळले की किलोला चार-पाच रुपये हातात पडेनात, तोडणीची मजुरीसुद्धा निघेना. त्याने शेवटचे दोन तोडे केलेच नाहीत, मेंढरं सोडली. हे मी सांगते आहे ते कुणाची कीव यावी म्हणून नाही. फरक कुठे आहे ते दिसावं म्हणून. क्नूतुर-हेलेना यांचा टोमॅटो दुकानांत जातो, तसाच त्यांच्या स्वतःच्या पातेल्यातही जातो. पातेल्यात टोमॅटो वाकडा आहे का चिरलेला हे कोणी बघत नाही. जॅम, चटण्या, पेयं होतात, हिरव्या टोमॅटोचा गोड पदार्थसुद्धा होतो. एका वाटीभर सुपात जे पैसे सुटतात ते नुसत्या फळात कधी सुटणार?

आणि गिऱ्हाईक दारातून जातं. जुनी संसद जिथे भरत असे ते थिंगवेल्लिर, गेसीरचे झरे आणि गुलफोस धबधबा, ही तीन ठिकाणं बघायला जाणारा प्रत्येक पाहुणा याच भागातून फिरतो. २०१० मध्ये देशात वर्षाला पाच लाखांच्या आत पाहुणे येत, २०१८ पर्यंत ते तेवीस लाखांच्या आसपास गेले. एवढ्या लोकांना दुपारी भूक लागणारच. काचघर आधी होतं, टोमॅटो आधी होते, जेवणघर मागून आलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. भाच्याच्या योजनेत सगळं एकाच दिवशी सुरू होतं आणि हप्तासुद्धा.

भाच्याला एक गोष्ट आवडणार नाही, पण लिहिते. आम्ही गेलो त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, ८ फेब्रुवारी २०२४ ला, रेक्यानेस भागात ज्वालामुखी उसळला आणि लाव्हा गरम पाण्याच्या मोठ्या नळावरून वाहून गेला. वीस हजारांवर लोकांच्या घरांतली ऊब ऐन गोठणबिंदूखालच्या थंडीत काही दिवस बंद पडली. कपाळाला हात लावावा अशी गोष्ट. जी धग घर तापवते तिनेच नळ कापला. लोकांनी विजेच्या शेगड्या शोधल्या, एकाच खोलीत झोपले. नवा नळ टाकायला लोक दिवसरात्र राबले. फ्रिदहेमार त्या भागात नाही, त्यांना झळ पोहोचली नाही. पण आम्ही उतरलो तो विमानतळ त्याच भागात आहे, आणि टॅक्सीवाला दुसरं काही बोलतच नव्हता.

तर मग आमच्या पाऊण एकराचं काय?

काचेचं घर म्हणजे आत आलेली ऊन्हाची उष्णता बाहेर जाऊ न देणारी पेटी. आइसलँडमध्ये ती पेटीसुद्धा पुरत नाही, म्हणून पाणी आणि दिवे. लडाखात पुन्हा वेगळं. तिथे थंडी कडाक्याची पण ऊन भरपूर. म्हणून तिथे तीन बाजूंना मातीची जाड भिंत, दक्षिणेला तेवढा प्लॅस्टिकचा कागद, आणि भर हिवाळ्यात आत पालक निघतो. ना दिवे, ना पाण्याचे नळ. दिवसा भिंत ऊन पिते आणि रात्री परत देते. आइसलँडचे लोकही पूर्वी काचेत राहत नव्हते. मुळांसकट कापलेल्या गवताच्या विटा रचून, छपरावर गवत वाढवून त्यांनी घरं बांधली, आणि ती विसाव्या शतकापर्यंत चालली. आमच्या आजोळी, नगरकडे, धाब्याची घरं होती. वर हातभर मातीचा थर. बाहेर मे महिना पेटलेला असायचा आणि आजी आत गोधडी शिवत बसायची. लडाखच्या भिंतीसारखंच, फक्त उलट कामाला लावलेलं.

नारायणगावला काचेचं घर बांधलं तर मार्च ते मे त्यात टोमॅटो शिजतील, वेलीवरच. गिऱ्हाईकही शिजेल. मग पंखे, ओल्या जाळ्या, शेडनेट, आणि सगळ्याला वीज. तेव्हा भावाचा लाइटबिलाचा प्रश्न खोटा नाही. पण भाच्याचंही म्हणणं खोटं नाही, आणि हे मी भावाला स्पष्ट सांगते. बोली लावणाऱ्याच्या तोंडाकडे बघत अजून वीस वर्षं काढायची त्याची तयारी नाही, यात त्याचं काय चुकलं? तो शेती सोडून पुण्याला जात नाही, शेतातच काहीतरी करू म्हणतो.

भाच्याला मी इतकंच सुचवलं आहे की काच सोड, बाकीचं ठेव. बांबू आणि तारेवर चढवलेले टोमॅटो तुमच्याकडे आहेतच. वर धाबं किंवा उसाच्या पाचटाचं जाड छप्पर, बाजू मोकळ्या, कडेने वेली. सहा टेबलं. उन्हाळ्याचे तीन महिने टोमॅटोऐवजी दोडका-कारल्याचा मांडव. वहिनीच्या हातचं सार, भाकरी, ठेचा, आणि भाव पडला की त्या आठवड्यात जास्त चटणी. फवारणीचं काय करणार ते मात्र आधी ठरव, कारण लोक वेलीखाली बसणार आहेत. यावर तो म्हणाला, "आत्या, असली झोपडी-हॉटेलं रस्त्याला पन्नास आहेत. काच बघायला लोक थांबतील." त्याचं हे म्हणणं मला खोडता आलेलं नाही. गेले चार दिवस विचार करते आहे.

भाऊ यावर काहीच बोलला नाही, पण पाचटाचं छप्पर किती वर्षं टिकतं असं त्याने वहिनीकरवी विचारलं.

येत्या रविवारी दोघंही माझ्याकडे जेवायला येणार आहेत, वेगवेगळ्या गाड्यांनी. बँकेचे कागद घेऊन या म्हणून सांगितलं आहे. तुमच्यापैकी कोणी अशा छपराखाली हॉटेल चालवत असेल, किंवा चालवून बंद केलं असेल, तर शनिवारच्या आत मला जरूर कळवा.